ख्रिस्ती पंथ आणि परंपरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळ जवळ आला, कुणाचं लग्न ठरलं किंवा मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, की हे प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बहुतेक ख्रिस्ती नसतात. पण वसईकराने नगरच्या ख्रिस्ती माणसाबद्दल आणि नगरकराने वसईकराबद्दल विचारलेले प्रश्नही कमी नाहीत. उदाहरणं जमेल तिथे महाराष्ट्रातली घेतली आहेत. तेच ते पुन्हा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ख्रिश्चन आणि कॅथलिक यांच्यात फरक काय? माझ्या ऑफिसातला एकजण म्हणतो, "मी कॅथलिक नाही, ख्रिश्चन आहे."

कॅथलिक हे ख्रिस्तीच. जगातले साधारण निम्मे ख्रिस्ती कॅथलिक आहेत. तुमच्या सहकाऱ्याला बहुधा "मी प्रोटेस्टंट आहे" असं म्हणायचं असतं. मुंबई-गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कॅथलिक घरच येतं, त्यामुळे नगर-जालन्याकडच्या माणसाला आपलं वेगळेपण मुद्दाम सांगावं लागतं. काहीजण मात्र हेच वाक्य "कॅथलिक खरे ख्रिस्ती नव्हेत" अशा सुरात म्हणतात. तो पंथापंथांतला वाद झाला. त्यात न पडलेलं बरं.

२. मुळात फाटे किती आणि कधी फुटले?

मोठे चार. पहिला इ.स. ४३१ च्या इफिसच्या परिषदेनंतरचा. मरियेला 'देवमाता' म्हणावं की नाही, या वादातून पर्शियाकडची पूर्वेकडील मंडळी (मंडळी म्हणजे चर्च) वेगळी पडली. दुसरा ४५१ सालचा, खाल्सेदोनच्या परिषदेतला. ख्रिस्ताचं देवपण आणि माणूसपण कोणत्या शब्दांत मांडायचं, यावरून इजिप्तचे कॉप्ट, आर्मेनियन, इथिओपियन आणि सिरियन बाजूला झाले. यांना ओरिएंटल ऑर्थोडॉक्स म्हणतात आणि केरळातले मलंकरा ऑर्थोडॉक्स त्यांच्यातलेच. तिसरा १०५४ चा (प्रश्न ४) आणि चौथा १५१७ पासूनचा (प्रश्न ५).

पहिल्या दोन भांडणांचा शेवट मोठा मजेशीर आहे. १९८४ साली पोप आणि सिरियन ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क (प्रमुख धर्मगुरू) यांनी, आणि १९९४ साली पोप आणि असिरियन मंडळीचे (पर्शियाकडच्या त्या मंडळीचीच आजची शाखा) प्रमुख यांनी निवेदनांवर सह्या केल्या. ख्रिस्ताविषयीची आपली श्रद्धा एकच आहे, शब्द तेवढे निराळे होते, असा त्यांचा आशय. हे कळायला पंधराशे वर्षं लागली. तरी मंडळ्या वेगळ्याच राहिल्या. इतक्या काळात प्रत्येकीची भाषा, उपासना आणि मालमत्ता वेगळी झालेली असते.

"ख्रिस्ती धर्मात हजारो पंथ" असे आकडे फिरतात, त्यांच्यावर विसंबू नका. त्या मोजणीत एकच मंडळी दहा देशांत असेल तर ती दहा वेळा धरतात.

३. एवढं वेगळं झाल्यावर समान काय उरलं?

बरंच. एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्य, येशूचा क्रूसावरचा मृत्यू आणि तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान, बाप्तिस्मा, भाकर आणि द्राक्षारस यांचा विधी, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना. ३२५ साली निकेयाच्या परिषदेत सुरुवात झालेला विश्वासांगीकार (श्रद्धा थोडक्यात सांगणारा मजकूर) कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक जुने प्रोटेस्टंट आजही मानतात. न मानणाऱ्यांसाठी प्रश्न १८ पाहा.

४. ऑर्थोडॉक्स म्हणजे कडवे का? आणि ते कॅथलिकांपासून का तुटले?

कडवेपणाशी या नावाचा संबंध नाही. ग्रीस, रशिया, सर्बिया, रुमानिया इथली ही जुनी पूर्वेकडची परंपरा.

रोम लॅटिन बोलत होतं, कॉन्स्टँटिनोपल ग्रीक. रोमचा बिशप, म्हणजे पोप, सगळ्यांवर अधिकार सांगत होता. पूर्वेकडच्यांना तो बरोबरीच्यांतला पहिला म्हणून मान्य होता, मालक म्हणून नव्हता. त्यातच पश्चिमेने विश्वासांगीकारात पवित्र आत्मा पित्यापासून 'आणि पुत्रापासून' येतो असा शब्द परस्पर घातला. १६ जुलै १०५४ रोजी पोपचा दूत हंबर्ट याने कॉन्स्टँटिनोपलच्या हाया सोफिया चर्चच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं, पॅट्रिआर्क मायकेल केरुलारियसने उलट बहिष्कार घातला. सामान्य माणसाला त्या दिवशी काही तुटल्याचं जाणवलंही नसेल. खरी कटुता आली ती १२०४ मध्ये. पश्चिमेचे क्रूसयोद्धे जेरुसलेमला म्हणून निघाले आणि त्यांनी कॉन्स्टँटिनोपलच लुटलं. ती लूट पूर्वेकडचे अजून विसरलेले नाहीत. १९६५ साली पोप सहावे पॉल आणि पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी १०५४ चे बहिष्कार मागे घेतले, पण एकत्र कम्युनियन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) अजून सुरू झालेलं नाही.

भारतातले ऑर्थोडॉक्स या गटातले नव्हेत. ते ४५१ च्या फाट्यातले (प्रश्न २ आणि १५).

५. प्रोटेस्टंट म्हणजे नक्की कोण?

शाळेच्या इतिहासात वाचलेलंच आठवा. पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध मार्टिन ल्यूथरने १५१७ साली ९५ मुद्दे मांडले. 'प्रोटेस्टंट' हे नाव पडलं १५२९ साली, स्पायरच्या राजसभेत ल्यूथरच्या बाजूच्या जर्मन राजांनी निषेध नोंदवला त्यावरून. मुख्य म्हणणं दोन गोष्टींचं: तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने आणि विश्वासाने मिळतं, पुण्याच्या हिशेबाने मिळत नाही, आणि शेवटचा अधिकार पवित्र शास्त्राचा, पोपचा किंवा परिषदेचा नव्हे.

शास्त्र प्रत्येकाच्या हाती दिलं की अर्थही अनेक निघणार, आणि ते लगेच निघाले. त्याच १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक त्सविंगली भेटले. बाकी बहुतेक बाबतींत एकमत झालं, पण भाकरीत ख्रिस्त खरोखर हजर असतो की ती केवळ आठवण, यावर बोलणी फिसकटली. ल्यूथरच्या मागचे ते ल्यूथरन. त्सविंगली आणि कॅल्व्हिनच्या परंपरेतून रिफॉर्म्ड आणि स्कॉटलंडमधले प्रेसबिटेरियन आले. इंग्लंडात १५३४ साली आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडला ते अँग्लिकन. लहान बाळांचा बाप्तिस्मा न मानणारे बॅप्टिस्ट, स्थानिक मंडळीच सर्वाधिकारी मानणारे काँग्रिगेशनल, अठराव्या शतकात जॉन वेस्लीच्या चळवळीतून आलेले मेथडिस्ट. यादी लांबवता येईल, पण महाराष्ट्रात एवढी नावं कळली तरी काम भागतं.

तारणाच्या ज्या मुद्द्यावरून सगळं सुरू झालं, त्यावर कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी संयुक्त निवेदन केलं आहे. हे फारसं कुणाला माहीत नसतं.

६. महाराष्ट्रात कुठल्या भागात कुठला पंथ, आणि असं का?

कारण सरळ आहे. तुमच्या पणजोबांच्या गावी कोण पोचलं, यावर तुमचा पंथ ठरला. ल्यूथर आणि पोप यांचं म्हणणं तोलून पंथ निवडलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

उत्तर कोकणात पोर्तुगीज आले. १५३४ साली वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत राहिली. त्या दोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन आणि जेझुइट फादरांच्या हातून वसई, साष्टी, मुंबई, ठाणे या पट्ट्यात कॅथलिक वस्ती उभी राहिली. भारताचे पहिले संत गोन्सालो गार्सिया वसईचेच. १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रूसावर मारलं. वसईचे सामवेदी आणि वाडवळ, मुंबई-ठाण्याचे 'ईस्ट इंडियन' म्हणवणारे स्थानिक कॅथलिक, कोर्लईला आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे लोक, ही सगळी त्याच काळाची देणगी.

घाटावर गोष्ट निराळी. तिथे एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनं आली आणि एकमेकांच्या पायात पाय नको म्हणून त्यांनी प्रदेश वाटून घेतले. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला. हे काँग्रिगेशनल. रेव्हरंड ना. वा. टिळक याच मिशनचे. १९१७ साली मात्र ते मिशनमधून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात पंथाचं लेबलच नको होतं. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन मुंबईत, स्टीफन हिस्लॉप नागपुरात, नारायण शेषाद्री जालन्याला. हे प्रेसबिटेरियन. कोल्हापूर, सांगली, मिरज अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल त्यातलंच. नाशिकचं शरणपूर अँग्लिकन. अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन, वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन.

ही वाटणी कॅथलिकांना लागू नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन जेझुइट नगर जिल्ह्यात उतरले, म्हणून राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर भागात एकाच आडनावाची घरं अर्धी कॅथलिक, अर्धी प्रोटेस्टंट सापडतात. हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा त्या कॅथलिक धाग्यातली.

७. सीएनआय म्हणजे काय? तो कुठला पंथ?

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. हा पंथांचा संयोग आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (यात काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन आधीच एकत्र होते), बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट. दक्षिणेत हेच काम सीएसआयच्या (चर्च ऑफ साउथ इंडिया) रूपाने १९४७ सालीच झालं होतं. उत्तरेला वेळ लागला, कारण बॅप्टिस्टांना बरोबर घ्यायचं होतं. शेवटी बाळाचा आणि मोठेपणीचा, दोन्ही बाप्तिस्मे चालतील असं ठरलं. जगात ज्या प्रश्नावरून मंडळ्या फुटल्या तो इथे एका कलमात मिटला. माझ्या मते भारतीय ख्रिस्ती इतिहासातली ही सर्वांत कमी लेखली गेलेली गोष्ट आहे.

तरी सगळे आले नाहीत. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले आणि १९८१ साली मेथडिस्ट चर्च इन इंडिया झाले. म्हणून एकाच शहरात 'मेथडिस्ट' आणि 'सीएनआय' अशा दोन पाट्या दिसतात. मालमत्तेचे वादही मागे लागले. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटलं की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप सीएनआयकडे जात नाही. तुमच्या मंडळीचा असा काही वाद असेल तर आधी ट्रस्टची मूळ कागदपत्रं वकिलाला दाखवा.

८. चर्चमध्ये शिरल्यावर ते कुणाचं हे ओळखायचं कसं?

येशूची मूर्ती असलेला क्रूस, मरियेचा पुतळा, एका बाजूला पेटता लाल दिवा: कॅथलिक. नुसता रिकामा क्रूस, मधोमध किंवा ठळक जागी उपदेशपीठ, भिंतीवर वचन: प्रोटेस्टंट. वेदीपुढे पडदा आणि धुपाचा दाट वास: सिरियन परंपरा. ड्रम आणि कीबोर्ड, वेदीच नाही: बहुधा पेंटेकोस्टल (प्रश्न १६).

भाषेवरूनही कळतं. 'मिस्सा', 'फादर', 'स्नानसंस्कार' ऐकू आलं तर कॅथलिक. 'उपासना', 'पाळक', 'बाप्तिस्मा', 'प्रभुभोजन' असेल तर प्रोटेस्टंट.

आता फसवणारी उदाहरणं. ज्या चर्चवरून चर्चगेटचं नाव पडलं, ते मुंबईचं सेंट थॉमस कॅथीड्रल कॅथलिक नाही. ते मूळचं अँग्लिकन, आता सीएनआयचं. कॅथीड्रल म्हणजे बिशपचं आसन असलेलं चर्च, एवढंच. कुलाब्याचं अफगाण चर्चही सीएनआय, पण त्याच कुलाब्यातलं होली नेम कॅथीड्रल कॅथलिक. आणि पुण्याचं पंचहौद मिशनचं चर्च! १८९० साली लोकमान्य टिळक-रानडे मंडळींनी चहा घेतल्याबद्दल जे रामायण झालं, ते तिथलंच. आत गेलात तर मेणबत्त्या आणि धूप पाहून कॅथलिक वाटेल, पण तो अँग्लिकनांमधला कॅथलिक वळणाचा, म्हणजे 'हाय चर्च' प्रकार.

९. सगळ्यांचं बायबल एकच ना?

नवा करार सगळ्यांचा २७ पुस्तकांचा. जुन्या करारात फरक आहे: प्रोटेस्टंटांकडे ३९, कॅथलिकांकडे ४६. म्हणून एकूण ६६ आणि ७३. जादा सात म्हणजे तोबीत, यूदीथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, बेनसिरा आणि बारूख. ऑर्थोडॉक्सांकडे आणखी थोडी, इथिओपियन परंपरेत एकूण ८१.

"कॅथलिकांनी वाढवली" आणि "प्रोटेस्टंटांनी काढली" ही दोन्ही वाक्यं घाईची आहेत. ही पुस्तकं प्राचीन ग्रीक जुन्या करारात होती, हिब्रू संग्रहात नव्हती. ल्यूथरने ती आपल्या भाषांतरात ठेवली, पण वेगळ्या भागात आणि दुय्यम म्हणून.

एक खाचखळगा नेहमी नडतो. दहा आज्ञांचे क्रमांक सारखे नाहीत. कॅथलिक आणि ल्यूथरन यांची सहावी आज्ञा व्यभिचाराची, बाकीच्या प्रोटेस्टंटांची आणि ऑर्थोडॉक्सांची सहावी खुनाची. मजकूर तोच, मोजणी वेगळी. स्पर्धा परीक्षेत नुसतं "सहावी आज्ञा कोणती" असं विचारणाऱ्याला हे कुणीतरी कळवायला हवं.

१०. कॅथलिक मरियेची पूजा करतात का? मग आमच्या देवीसारखंच झालं ना?

कॅथलिक शिकवण अशी: पूजा फक्त देवाची, मरियेला आणि संतांना मान द्यायचा आणि "आमच्यासाठी प्रार्थना कर" अशी विनवणी करायची. प्रोटेस्टंट ही विनवणीही करत नाहीत, कारण मध्यस्थ एकटा ख्रिस्त असं ते धरतात. ऑर्थोडॉक्स मरियेला कॅथलिकांइतकाच मान देतात, पण पुतळ्यांऐवजी चित्रप्रतिमा ठेवतात.

बांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. धर्मशास्त्रातली सीमारेषा त्या रांगेत कुणी तपासत नाही आणि तिथले फादरही तपासायला जात नाहीत.

११. फादर लग्न करत नाहीत, पास्टर करतात. नियम काय? आणि बायका पाळक होऊ शकतात?

लॅटिन परंपरेत, म्हणजे वसई-मुंबई-गोव्याच्या कॅथलिकांत, फादर अविवाहित. प्रोटेस्टंट पाळक लग्न करतात. ऑर्थोडॉक्सांत विवाहित पुरुष पुरोहित होऊ शकतो, पण पुरोहित झाल्यावर लग्न करता येत नाही, आणि बिशप अविवाहितच. अपवाद कॅथलिकांतही आहेत: पूर्वेकडच्या काही कॅथलिक मंडळ्यांत विवाहित पुरोहित असतात, आणि अँग्लिकन पंथातून आलेल्या विवाहित पाळकांना रोमने फादर म्हणून स्वीकारलेलं आहे.

स्त्रिया: कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स, नाही. सीएनआय आणि सीएसआय, होय. सीएसआयमध्ये २०१३ साली पहिली स्त्री बिशप झाली. पेंटेकोस्टलांत मंडळीगणिक वेगळं.

१२. पंथ बदलला तर बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा लागतो का?

पाण्याने आणि 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने' झाला असेल तर कॅथलिक तो मान्य करतात, मग तो सीएनआयचा असो की मेथडिस्टांचा. सीएनआयही कॅथलिकांचा मान्य करते. जुना दाखला सांभाळून ठेवा, पुढे लग्नाच्या वेळी लागतो.

बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मात्र बाळपणीचा मोजत नाहीत. समजत्या वयात, पूर्ण बुडवून घ्यायला सांगतात. ते याला 'पुन्हा' म्हणत नाहीत, कारण त्यांच्या मते पहिला झालाच नव्हता. घरात यावरून फार दुखावलं जातं. आजी म्हणते, "मग आम्ही तुला मांडीवर घेऊन केलं ते काय होतं?"

उलट अपवाद दोन. केवळ 'येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देणाऱ्या काही पेंटेकोस्टल गटांचा आणि मॉर्मन लोकांचा बाप्तिस्मा कॅथलिक मानत नाहीत. मॉर्मनांबाबत रोमने २००१ साली तसं स्पष्ट सांगितलं.

१३. मित्राबरोबर मिस्साला गेलो. सगळे रांगेत उठले. मीही जाऊन तो पांढरा वेफर घ्यायचा का?

नाही. बसून राहा, कुणाला वाईट वाटणार नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेने तो ख्रिस्ताचा देह असतो, आणि तो स्वीकारणं म्हणजे त्या मंडळीशी पूर्ण ऐक्य जाहीर करणं. म्हणून प्रोटेस्टंटांनाही तिथे तो मिळत नाही, मरणाच्या दारात असल्यासारखे विरळा प्रसंग सोडून. ऑर्थोडॉक्स माणसाने स्वतःहून मागितला तर कॅथलिक फादर देऊ शकतो, पण त्या माणसाची स्वतःची मंडळी बहुधा परवानगी देत नाही.

बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत दुसऱ्या मंडळीच्या बाप्तिस्मा झालेल्या सभासदाला प्रभुभोजनाला बसता येतं. बाप्तिस्मा नसेल तर तिथेही घेऊ नका.

१४. मुलगी कॅथलिक, मुलगा सीएनआयचा. लग्न कुठे आणि कसं?

कायद्याने अडचण नाही. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा सगळ्या पंथांना धरून आहे. अडचण असते ती चर्चच्या नियमांची. कॅथलिक बाजूला बिशपची परवानगी लागते, आणि मुलं कॅथलिक श्रद्धेत वाढवण्याचा आपल्याकडून सगळा प्रयत्न करीन असं कॅथलिक व्यक्तीला कबूल करावं लागतं. मुलाने पंथ बदलायची गरज नाही. लग्न कॅथलिक चर्चमध्ये आणि दुसऱ्या बाजूच्या पाळकांची प्रार्थना, असा मार्ग बहुतेक घरं काढतात. नुसतं सीएनआय चर्चमध्येच लावायचं असेल तर बिशपकडून वेगळी सूट घ्यावी लागते. ती न घेता लावलेलं लग्न कॅथलिक मंडळी ग्राह्य धरत नाही. फादरांकडे काही महिने आधी जा, हॉल बुक करण्याच्या आधी.

मोडलेल्या लग्नाबद्दल: कॅथलिक न्यायासनाने विवाह रद्दबातल ठरवला तरी सरकारदरबारी तो घटस्फोट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे सांगितलं आहे. दिवाणी न्यायालयाचा हुकूम न घेता दुसरं लग्न केलं तर गुन्हा होऊ शकतो. उलट, नुसता कोर्टाचा घटस्फोट घेऊन कॅथलिक चर्चमध्ये पुन्हा लग्न लागत नाही.

१५. आमच्या सोसायटीतले मल्याळी कॅथलिक जवळचं चर्च सोडून लांब का जातात?

कारण ते पोपला मानणारे असले तरी लॅटिन परंपरेचे नाहीत. केरळचे सेंट थॉमस ख्रिस्ती आपली सुरुवात इ.स. ५२ साली प्रेषित थोमा आला तेव्हापासून सांगतात. शतकानुशतकं त्यांचा संबंध पर्शियाकडच्या मंडळीशी आणि उपासना सिरियाक भाषेत. पोर्तुगीजांनी १५९९ च्या उदयंपेरूर परिषदेत त्यांना लॅटिन साच्यात कोंबायला सुरुवात केली. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टनचेरीला लोकांनी क्रूसाला दोर बांधून, तो हातात धरून शपथ घेतली की या जेझुइटांचं ऐकणार नाही.

पुढे बरेचजण रोमकडे परतले: ते आजचे सिरो-मलबार. उरलेले अँटिओकच्या सिरियन परंपरेकडे झुकले. त्यांच्यातून एकोणिसाव्या शतकात सुधारणावादी मार थोमा मंडळी, १९१२ मध्ये ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट असे दोन तट, आणि १९३० साली रोमकडे गेलेले सिरो-मलंकरा. सिरो-मलबारांचा कल्याण धर्मप्रांत १९८८ पासून आहे. सिरो-मलंकरांचा पुण्याजवळ खडकीला आहे. भांडणं संपलेली नाहीत. मिस्सात फादरने लोकांकडे तोंड करावं की वेदीकडे, यावरून २०२१ च्या निर्णयानंतर एर्नाकुलममध्ये रस्त्यावर निदर्शनं झाली.

१६. 'बिलिव्हर' कोण? ते अन्यभाषेत बोलतात म्हणे.

पेंटेकोस्टल आणि त्यांच्यासारख्या स्वतंत्र मंडळ्या. पवित्र आत्म्याचा अनुभव, अन्यभाषा (प्रार्थनेच्या भरात न शिकलेल्या भाषेत बोलणं), रोगमुक्तीची प्रार्थना, दशांश देणं यांवर भर. हॉलमध्ये किंवा घरी भरणारी सभा. इतिहास सांगताना सगळे लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटपासून, १९०६ पासून सुरुवात करतात. त्याच्या आदल्या वर्षी, १९०५ साली, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुलींना तसाच अनुभव आला होता. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथात झाला, पण त्या कुठल्याच पंथाच्या चौकटीत मावल्या नाहीत. परदेशात ख्रिस्ती पंथांचा बाजार पाहून त्याही तुमच्याइतक्याच चक्रावल्या होत्या.

टाळ्या वाजवून प्रार्थना करणारा प्रत्येकजण पेंटेकोस्टल नव्हे. कॅथलिकांतही १९६७ पासून करिष्मॅटिक चळवळ आहे.

१७. काही ख्रिस्ती ७ जानेवारीला नाताळ का करतात?

रशियन, सर्बियन, कॉप्ट, इथिओपियन वगैरे जुन्या दिनदर्शिकेवर चालतात. ती सध्या १३ दिवस मागे आहे. युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चने २०२३ पासून २५ डिसेंबर धरला. केरळचे ऑर्थोडॉक्स २५ डिसेंबरलाच करतात, आर्मेनियन ६ जानेवारीला. ईस्टरचा हिशेब वेगळा: २०२५ साली सगळ्यांचा २० एप्रिललाच आला, २०२६ मध्ये पश्चिमेचा ५ एप्रिल आणि पूर्वेचा १२ एप्रिल.

१८. यहोवाचे साक्षीदार, मॉर्मन, अ‍ॅडव्हेंटिस्ट, मुक्तिफौज: हे ख्रिस्ती आहेत का?

एका दावणीला बांधू नका.

अ‍ॅडव्हेंटिस्ट त्रैक्य मानतात, शनिवार पाळतात. पुण्याची स्पायसर संस्था त्यांची. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) १८८२ साली मुंबईत उतरली, भगवे कपडे घालून. तारणाची शिकवण मेथडिस्टांसारखी, पण बाप्तिस्मा नाही आणि प्रभुभोजनही नाही! तरी तिला ख्रिस्ती मानायला कुणी हरकत घेत नाही.

यहोवाचे साक्षीदार त्रैक्य नाकारतात, नाताळ करत नाहीत, रक्त घेत नाहीत. राष्ट्रगीताला उभी राहिलेली पण न गायलेली केरळातली तीन मुलं याच पंथाची. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मॉर्मनांकडे बायबलखेरीज स्वतःचे वेगळे धर्मग्रंथ आहेत. हे दोघे स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण निकेयाची श्रद्धा मानणाऱ्या मंडळ्या त्यांना आपल्यात धरत नाहीत.

१९. मुंबईत काही जुन्या वस्त्यांत दोन-दोन कॅथलिक चर्च जवळजवळ का? दोन्ही एकाच पोपची ना?

एकाच पोपची, पण बिशप दोन होते. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर नेमणुकांचा हक्क होता, त्याला पाद्रुआदो म्हणत. पुढे रोमच्या प्रॉपगंडा विभागाने थेट आपली माणसं पाठवली. इंग्रजांना पोर्तुगीज पुरोहित नको होते, म्हणून १७२० मध्ये त्यांनी ते काढून रोमच्या कार्मेलाइट संन्याशांना आणलं. मग तक्रारी, अर्ज, मोर्चेबांधणी. शेवटी १७९४ साली मुंबई सरकारने चर्चच वाटून दिली. तेव्हापासून १९२८ पर्यंत एकाच शहरात दोन अधिकार चालले, आणि दोन्हींनी आपापली चर्चं बांधली.

१९२८ च्या समझोत्याने एक आर्चबिशप झाला, पण अट अशी की एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश, आळीपाळीने. ती अट १९५० साली गेली आणि त्या वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.